नव्वदच्या खाली गाडी नाही

वानखडे ड्रायव्हरना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते ट्रकच्या केबिनमध्ये सदरा वर करून स्वतःच्या पोटात सुई खुपसत होते. सकाळचे आठ वाजले होते. मालाचा कागद द्यायला मी पायरीवर चढलो होतो, तो तसाच खाली उतरलो.

पुण्याच्या मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर कारकुनी करण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. हमालांच्या मारामाऱ्या पाहिल्यात, बटाट्याच्या पोत्यातून निघालेला नाग पाहिलाय. पण ज्याच्या भरवशावर दहा टन कांदा साताऱ्याला पाठवायचा, तो माणूसच सकाळी सकाळी नशा करतोय म्हटल्यावर मी धावत मालकांकडे गेलो.

मालकांनी वहीतून मान वर केली नाही. "कुठं टोचत होता?" त्यांनी विचारलं.

"पोटात."

"मग इन्सुलिन आहे. कामाला येताना लोक अनुभव सांगतात, ह्यानं आधी आजार सांगितला. आपण कागद देऊन या."

वानखडे मूळचे बुलढाण्याकडचे. वय पन्नाशीच्या आसपास, मिशा भरघोस, आवाज यार्डाच्या फाटकापर्यंत जाणारा. वारज्याला एका खोलीत एकटे राहायचे, बायको गावी. मधुमेह लोक लपवतात, निदान हळू आवाजात तरी बोलतात. वानखडे मात्र चहावाल्यापासून वजनकाट्यावरच्या माणसापर्यंत सगळ्यांना समजावून सांगत, "माह्या पोटातला पंप बंद पडला जी. आता बाहेरून मारा लागते." फिट असल्याचा डॉक्टरांचा दाखला त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घालून केबिनमध्ये देवाच्या तसबिरीशेजारी टांगला होता. उदबत्ती दोघांनाही ओवाळली जायची.

त्यांचा एक नियम होता. गाडी भरली, दोर आवळले, कागद मिळाला, तरी वानखडे किल्ली लावत नसत. आधी शुगर मोजायचं मशीन निघायचं. बोटाला टोचायचं, थेंब पट्टीवर द्यायचा आणि आलेला आकडा खिडकीतून जाहीर करायचा. "एकशे अडतीस! सोडा गाडी!" आकडा कमी आला की ते शांतपणे केळं सोलायला घेत. मागे चार टेम्पो हॉर्न वाजवत असायचे. कोणी शिव्या दिल्या तरी उत्तर एकच, "नव्वदच्या खाली गाडी नाही."

साडेबारा वाजले की जेवण. मग ताडपत्री अर्धी बांधलेली असो, नाहीतर हमाल पाठीवर पोतं घेऊन उभा असो. इन्सुलिन त्यांच्यासोबत थर्मासमध्ये फिरायचं. एकदा एका हमालानं चहा समजून तो उघडला, तेव्हा वानखड्यांनी केबिनमधून अशी उडी मारली की दोन दिवस लंगडत होते. आणि मधुमेही माणसाच्या चारही खिशांत खडीसाखर. खिळ्याला टांगलेल्या त्यांच्या सदऱ्यावर मुंग्यांची रांग लागलेली असायची. गणपतीत मालकांनी मोदक पुढे केला तर वानखड्यांनी हात जोडले. मालक म्हणाले, "बरोबर आहे. खिशात कारखाना असल्यावर मोदक कशाला लागतोय."

मी हसायचो. गेल्या वर्षी साताऱ्याच्या एका गिऱ्हाइकानं मालाबद्दल तक्रार केली, म्हणून मालकांनी मला वानखड्यांबरोबर गाडीतून पाठवलं. त्या दिवसानंतर मी हसलेलो नाही.

त्या सकाळी एक हमाल आला नव्हता. वेळ वाचावा म्हणून वानखड्यांनी स्वतः पोती वाहिली; अशा मेहनतीनं शुगर मागाहून उतरते, हे मला नंतर कळलं. निघताना आकडा एकशे चौदा होता. कात्रजचा बोगदा मागे पडला. ते गावाकडच्या कापसाबद्दल बोलत होते आणि बोलता बोलता गप्प झाले. पुढच्या क्षणी गाडी हळू झाली. डावीकडे घेता घेता अर्धी रस्त्यावरच थांबली. त्यांनी मागचे दिवे लुकलुकते केले, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून माझ्या हातात कोंबली.

"हे तुमच्याजवळ ठेवा. मी मागतली तरी देऊ नका."

त्यांचा सदरा घामानं चिंब झाला होता. बोटं इतकी थरथरत होती की पट्टी मशीनमध्ये जाईना. शेवटी मीच ती लावली. आकडा बासष्ट आला. खिशातली खडीसाखर मीच काढली, मीच त्यांच्या तोंडात घातली. आणि एवढ्यात हा सज्जन माणूस माझ्याकडे वळून, कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाला, "किल्ली दे." मी नाही म्हटलं. मग त्यांनी मला माझ्या आईवरून शिवी दिली आणि माझं मनगट धरलं. मी किल्ली पायाखाली टाकून तिच्यावर पाय दाबून बसलो. 

पाच-सात मिनिटांनी त्यांची पकड सैल झाली. ते नुसतेच समोरच्या काचेकडे बघत बसले.

तेवढ्यात मागून वाहतूक पोलीस आला. ड्रायव्हरचे डोळे, घाम आणि अडखळतं बोलणं पाहून त्यानं जे समजायचं तेच समजलं. त्यानं दारू तपासायच्या नळीत फुंकायला लावलं. नळीनं काही नाही म्हणून सांगितलं, तरी त्याचा विश्वास बसेना. मी मशीन दाखवलं, दाखला दाखवला. वानखडे आता सावरले होते. ते त्याला पंपाची गोष्ट समजावू लागले. कशी काय कोण जाणे, पाच मिनिटांत त्या पोलिसानं स्वतःचं बोट पुढे केलं. माझीही शुगर बघा म्हणाला, आईला होती.

आकडा आला तीनशे बारा.

पोलिसाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. वानखडे मशीन पुसत म्हणाले, "साहेब, आता तुमीच गाडी बाजूले घ्या." तो बिचारा हसलाही नाही. उद्याच डॉक्टरकडे जातो असं दोनदा म्हणाला. मग पुन्हा मोजून वानखड्यांचा आकडा नव्वदच्या वर आल्याचं त्यानं पाहिलं, मला किल्ली परत द्यायला लावली आणि आमचा ट्रक आपल्या देखरेखीखाली कडेला लावून घेतला.

तरीही वानखडे निघेनात. डोकं ठिकाणावर यायला पाऊण तास लागतो, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणाले. आम्ही बिस्किटं खात बसलो. शिवीबद्दल त्यांनी माझी माफी मागितली. त्यांना ती आठवतही नव्हती, मी सांगितली तेव्हा कळली. मग ते स्वतःहूनच बोलू लागले.

गावाकडे दुसऱ्या मालकाच्या गाडीवर असताना त्यांनी आजार दोन वर्षं लपवला होता. कळलं तर काम जाईल, म्हणून पेट्रोल पंपाच्या संडासात लपून सुई घ्यायची. एकदा भर दुपारी मेहकर गाव ओलांडल्याचं त्यांना आठवतं. त्यानंतर एकदम आठवतं ते तुरीचं शेत. ट्रक शेतात उभा, इंजिन चालू. मधला सात किलोमीटरचा रस्ता त्यांच्या डोक्यात नव्हताच. गाडी कोणी चालवली, कुठून गेली, समोर कोण आलं, काहीच नाही.

 मग काय केलंत, मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी तो सात किलोमीटरचा रस्ता ते पायी चालले. जाताना एक कड बघत, येताना दुसरी. मोऱ्यांखाली उतरले, झुडपं हातानं बाजूला केली. प्रत्येक टपरीवर विचारलं, काल ट्रकनं कोणाला धक्का दिला का. सगळे नाही म्हणत होते, पण त्यांचा विश्वास बसत नव्हता. त्याच संध्याकाळी त्यांनी मालकाला सगळं सांगितलं आणि काम गेलं. तिथून ते पुण्याला आले. बायकोला यातलं काही आजही माहीत नाही.

"पण त्या रस्त्यानं मले एक चप्पल सापडली होती," ते म्हणाले. "एवढीशी. गुलाबी."

ती हातात घेऊन ते जवळच्या गावात घरोघर फिरले. बाया संशयानं बघायच्या, दार लावून घ्यायच्या. शेवटच्या आळीत पाच-सहा वर्षांची एक मुलगी अनवाणी बाहेर आली आणि माझी चप्पल म्हणून ओरडली. आदल्या दिवशी बापाच्या मोटारसायकलवर ती झोपली होती, तेव्हा पायातून गळून पडली होती.

"मी तिच्या उंबरठ्यावर बसलो. तिच्या पायात घालून पाह्यली. बराबर बसली जी." वानखड्यांनी बिस्किटांचा पुडा दुमडून खिशात ठेवला. "तिची माय मले म्हणे, भाऊ, एका चपलेसाठी कोणी एवढं रडते काय?"