इंदापूरचा कर्नल झिरो

"आज मी तोंडच उघडनार न्हाय! बघच तू!" आरशासमोर कॉलर ताठ करत अल्ताफने बहिणीला बजावलं.

हीना बशा पुसत होती. तिने वरसुद्धा पाहिलं नाही. "तू आनि गप? शेवटचा कवा गप हुतास, आठवतंय का? टॉन्सिल काढलं तवा! आनि तवा बी कागदावर लिहून लिहून नर्सचं डोकं खाल्लंस!"

हीनाचं काही चुकत नव्हतं. इंदापुरात एसटी स्टँडच्या अलीकडे अल्ताफचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. काम चोख, धंदा बरा, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. तरीही तीन स्थळं आली आणि गेली, आणि तिन्ही वेळा कारण एकच. पाहुणे आपले सहज विचारायचे, "मग, बाकी छंद काय?" की अल्ताफ सुरू व्हायचा! मोरगावच्या पाहुण्यांची तर त्यापायी शेवटची एसटी चुकली. त्यांनी जे जीपला लटकून गाव गाठलं, ते पुन्हा फोनसुद्धा उचलला नाही.

छंद म्हणजे 'ॲश मून' नावाचा गेम. राखेने भरलेला एक चंद्र, त्यावर अक्राळविक्राळ शत्रू आणि त्यांच्याशी एकटा लढणारा कर्नल झिरो. हा झिरो प्रयोगशाळेत घडवलेला महासैनिक! चार भाग झाले, पण त्याच्या डोक्यावरचं हेल्मेट एकदाही निघालं नाही. बोलणं तर अख्ख्या भागात पाच-सहा वाक्यं. तो भुयारात शिरला की खेळणाऱ्याला स्वतःचा श्वास ऐकू यायचा.

आणि मग पाचवा भाग आला! कंपनीने झिरोला बाजूला बसवून तीन नवे महासैनिक उतरवले. पिक्सी, डोझर आणि टिक. तिघंही ऐन विशीतले. ताकद झिरोच्या दुप्पट आणि तोंडं चौपट! पिक्सी गोळ्या झाडता झाडता विनोद करते, डोझरला सारखी भूक लागते आणि टिकला आईची आठवण येते. ज्या भुयारात पूर्वी काळजाचं पाणी व्हायचं, तिथे आता लग्नाला निघालेल्या टेम्पोसारखा कलकलाट! अल्ताफच्या मनाला हे फार लागलं होतं. घरातलं कुणीतरी बिघडावं तसं तो हे दुःख भेटेल त्याला सांगायचा.

पण आजचं स्थळ वेगळं होतं. बारामतीला मामेभावाच्या लग्नात जनरेटर बंद पडला, तेव्हा जनरेटरवाल्याला बाजूला सारून एका मुलीने स्वतः तो चालू केला होता. मंडपात उजेड झाला आणि अल्ताफची झोप उडाली. ती सुहाना. आज तिच्या घरचे घर बघायला येणार होते. हे स्थळ हातचं गेलं, तर आपण जन्मभर हळहळत बसू, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

अब्बा गेल्यापासून घर अम्मीच्या, म्हणजे सायराबानूंच्या धाकात चाले. त्यांनी सकाळीच तंबी दिली होती, "गेमचा 'ग' जरी काढलास, तर ऱ्हा त्या दुकानाशीच संसार करत!"

म्हणून अल्ताफने बेत आखला. आज आपण कर्नल झिरो व्हायचं! प्रश्न आला की मनात तीन आकडे मोजायचे, मग एकदाच मान हलवायची. फारच झालं तर "हूं". चेहऱ्यावरची माशी हलू द्यायची नाही.

पाहुणे आले. पुढे सुहानाचे अब्बा फकीरभाई. पिंपळीच्या रस्त्याला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. उसाच्या रानातल्या जळक्या पाण्याच्या मोटारी दिवसभर त्यांच्यापुढे येऊन पडायच्या. मागे थोरला मुलगा शहबाज, दार भरून जाईल एवढा. आणि "मी बी घर बघनार" म्हणून हट्टाने आलेली सुहाना.

"बस बाळा," फकीरभाई खुर्चीत टेकत म्हणाले. "नाव काय म्हनायचं?"

अल्ताफ मनात मोजायला लागला. एक... दोन...

तो आता तोंड उघडणार आणि मोरगाव करणार, या धास्तीने सायराबानूच बोलून गेल्या, "अल्ताफ! अल्ताफ नाव हाय त्येचं!"

"शिक्षान?"

एक... दोन...

"आयटीआय झालाय, चाचा!" स्वयंपाकघरातून हीना ओरडली.

"दुकान कसं चाललंय?"

"झ्याक चाललंय, भाईजान!" पुन्हा सायराबानू. अल्ताफने सावकाश, एकदाच मान हलवली. अगदी झिरोसारखी. मनातून तो जाम खूष झाला.

फकीरभाईंच्या कपाळाला मात्र आठ्या पडल्या. "भाभी, पोराला इचारतोय मी. बाळा, तूच सांग की. जेवायला काय आवडतं?"

"हूं," अल्ताफ म्हणाला.

फकीरभाई शहबाजकडे बघायला लागले, शहबाज फकीरभाईंकडे. जी मोटार बटण दाबल्यावर नुसती "हूं" करते ती जळालेली असते, हे त्यांना धंद्यामुळे ठाऊक होतं! शहबाज पाणी आणायच्या निमित्ताने उठला, अल्ताफच्या पाठीमागे गेला आणि त्याने तिथलं मोठं स्टीलचं ताट मुद्दाम फरशीवर टाकलं.

ठण्ण्ण!

हीना किंचाळली. पत्र्यावरचं मांजर शेजारच्या घरावर जाऊन पडलं. सायराबानूंनी छातीवर हात ठेवला. अल्ताफ मात्र ढिम्म! त्याने फक्त सावकाश मान वळवून ताटाकडे एक नजर टाकली. असं तर खुद्द झिरोलाही जमलं नसतं!

"ऐकू बी येत न्हाय रं पोराला!" फकीरभाई भर आवाजात म्हणाले. बहिऱ्यापुढे कुजबुजायचं कशाला? "मुकं बी हाय आनि बहिरं बी!"

येतंय, ऐकू येतंय, असं ओरडावं का, म्हणून अल्ताफने अम्मीकडे पाहिलं. सायराबानू डोळे वटारून, जीव तोडून त्याला खुणावत होत्या, बोल मेल्या, बोल! पण त्या डोळे वटारायच्या ते आजवर त्याला गप करायलाच. त्याने मुकाट ओठ मिटून घेतले.

"भाभी, तुमी चांगल्या घरच्या," फकीरभाई उठून उभे राहिले. "पोरात काय उनं असंल तर आदी सांगायचं. आमी मान्सं न्हाय का? समजून घेतलं असतं. पन ही फसवनूक झाली. चल शहबाज. चल बेटा."

शहबाजने पायात चपला सरकवल्या. सायराबानूंच्या डोळ्यांत पाणी आलं. अल्ताफ ताडकन उभा राहिला. आता तरी बोलायलाच हवं होतं. पण तोंडाला अशी कोरड पडली होती की जीभ टाळूला चिकटलेली! शब्द काही केल्या येईना. घाबरून त्याचा हात आपोआप वर गेला, आणि त्याने दोन बोटं कपाळाला टेकवून खाली आणली.

"बघा! बघा! हातवारं करतोय!" शहबाज ओरडला.

"अब्बा, बसा." सुहाना पहिल्यांदाच बोलली. ती दारातून दोन पावलं आत आली आणि अल्ताफकडे निरखून पाहत म्हणाली, "हे मुकं न्हाईत. हे कर्नल झिरो झाल्यात. लढाईला जाताना झिरो असाच सलाम ठोकतो."

"कोन झिरो?" फकीरभाईंना काही कळेना.

"जुना सैनिक हाय एका गेममधला. भंगारात गेला आता," सुहाना शांतपणे म्हणाली. "पाचव्या भागातली नवी पोरंच भारी हायती."

बस्स! अल्ताफच्या तोंडाची कोरड कुठल्या कुठे पळाली.

"भारी? ती भारी? अवो, गेम हाय का मंडई? झिरो भुयारात शिरला की जीव मुठीत धरून बसायचो आमी! आता त्या भुयारात डोझर इचारतो, जेवायला काय हाय! भ्या वाटायचं कसं? त्या पिक्सीला समोर मरान दिसतंय आनि ही विनोद करती!"

"भ्या वाटतंय म्हनूनच करती!" सुहानाचाही आवाज चढला. "तुमच्या झिरोला कशाचंच भ्या न्हाय, मग त्येची काळजी तरी कशी वाटायची? चार भाग खेळले मी. झिरो मरंल असं एकदा बी वाटलं न्हाय. पन पुलावर टिक अडकला तवा माझ्या हाताला घाम फुटला!"

"पुलावर तर सगळ्यात जास्त घान केली! तितं शांतता पायजे हुती. आनि ह्यो आपला आईला हाक मारतोय! 'आई, मी अंथरून न आवरताच आलो गं. माझी वाट बघू नगंस...'" आणि पुलावरचं ते अख्खं बोलणं पाठ म्हणता म्हणता अल्ताफ बाहीने डोळे पुसायला लागला.

सगळे त्याच्याकडे बघत होते.

"रडलाच की तुमी," सुहाना म्हणाली. तिचेही डोळे भरले होते.

"धूळ गेली डोळ्यात."

फकीरभाई मटकन खुर्चीत बसले. "पोराला बोलता येतंय," ते कपाळ पुसत म्हणाले. "लईच येतंय!"

"अब्बा, पन ह्यांची तर आत्ताच भांडनं लागली," शहबाज चपला न काढताच म्हणाला. "निगायचं का?"

सुहानाने पदर सारखा केला आणि सरळ अल्ताफच्या डोळ्यांत बघितलं.

"एकच इचारते, खरं सांगायचं. पाचवा भाग सगळ्यात भारी हाय. कबूल?"

आजवर ज्या मतापायी अल्ताफने तीन स्थळं घालवली, तेच मत आता गिळायचं होतं! त्याने तिच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं. खरं सांगायचं तर पुलावरचा तो प्रसंग त्याने दुकानाचं शटर ओढून कितीतरी वेळा पाहिला होता, आणि दरवेळी डोळ्यात धूळ गेली होती.

"कबूल," तो पुटपुटला.

"मोठ्यानं म्हना. कबूल?"

"कबूल!"

"नक्की ना?"

"कबूल म्हनलं की!"

"अम्मी, तीनदा कबूल झालं, काझीसाब ऱ्हायलं की गं बोलवायचं!" हीना आतून खिदळली. फकीरभाई हसले, शहबाजनेही चपला काढल्या, आणि सायराबानू शिऱ्याचं ताट घेऊन धावत बाहेर आल्या.

"पन एक हाय," अल्ताफने घसा खाकरला. "शेवटच्या लढाईत त्यो डोझर जे..."

सायराबानूंनी मूठभर शिरा त्याच्या तोंडात कोंबला.

"वा भाभी! तोंड ग्वाड झालं!" फकीरभाई म्हणाले.

"ग्वाड कशाचं भाईजान," सायराबानू हात पुसत म्हणाल्या, "बंद झालं!"