तिसऱ्या बटणाच्या बक्षिसाची बखर

वाचकांनी प्रथम मोबाईल उपडा ठेवोन स्वस्थ चित्ते बैसावे. राजे लढले, किल्ले पडले, हत्ती चिखलात रुतले, त्यांच्या बखरी लिहिणारे बहुत जाहले आणि त्यावर इनामे खावोन धष्टपुष्टही जाहले. परंतु वीस डॉलरांची टिप एका घरात शिरली आणि तिने चार दिवस त्या घराची घडी विसकटोन टाकिली, हे वर्तमान कोणी लिहिले नाही. सबब आम्ही लेखणी उचलिली. यात पदरचे काही घातले नाही. जेथे घातले तेथे ते मुळाहून बरे जाहले, इतकेच.

ऐशियास, एके गल्लीत कात्रीधुरंधर, गजबहाद्दर मास्तर राहात असत. चाळीस वर्षे शिंपीकामाची गादी चालवोन, दुकान आवरोन, आता घराच्या बाहेरच्या खोलीत मशीन मांडोन विजारी आखूड करणे, चेन बदलणे, ऐसा किरकोळ कारभार पाहात. त्यांची धाकटी कन्या, तसबीर-दुरुस्त-जंग, आतल्या खोलीत दुकानचे जुने कापणीचे मेज होते, त्यावर कॉम्प्युटर ठेवोन, इंटरनेटवरील कामांच्या बाजारातून परमुलुखीची गिऱ्हाइके मिळवी आणि त्यांचे फाटके, विटके, वाळवीने खाल्लेले फोटो नवे करोन पाठवी. चार वर्षे हा उद्योग चालला, तारे मिळाले, स्तुती मिळाली, परंतु मास्तरांनी त्या खोलीचा उंबरा ओलांडिला नाही. कोणी पुसिले की धाकटी काय करते, तर मास्तर दाताने दोरा तोडीत म्हणत, "करते काहीतरी. बसून." हे भिंतीपलीकडे धाकटीस ऐकू जाई आणि तिला ते लागे. बापाच्या तोंडून एकदा तरी "काम करते" ऐसे निघावे, हीच तिची मनसबदारी, हीच तिची जहागीर. बाकी तिला काही नको होते. खुर्चीचा एक पाय मोडका होता तोही चालोन जात होता.

मग एके सोमवारी सातासमुद्रांपलीकडील एका म्हातारीचे काम आले. तिच्या आजोबांचा फोटो, अंगात कोट, आणि नेमकी पोटावर घडी पडोन फोटो फाटलेला. कोटाचे पहिले बटण विटके, दुसरे हाताआड, तिसरे त्या घडीत नामशेष. म्हातारीने चेहरा तेवढा मागितला होता. परंतु धाकटीस ते बोडके पोट पाहवेना, मग तिने स्वतःच्या अंगातील सदऱ्याकडे पाहात पाहात एक बटण काढिले, काज काढिले, वर दोरा भरिला आणि फोटो रवाना केला. दुसरे दिवशी मजुरीचे पंधरा डॉलर आले आणि मागोमाग वीस डॉलरांची टिप वाजतगाजत दाखल जाहली. सोबत खलिता होता की, चेहरा कोणीही दुरुस्त करितो, आजोबांचे बटण तुजशिवाय कोणास दिसले नसते.

चार वर्षांतील ही पहिलीच टिप. धाकटी हर्षभरे जेवणाच्या पानावर आली आणि तिने बातमी फोडली. मास्तरांचा घास हातात राहिला.

येथे मास्तरांचा पूर्वेतिहास सांगणे प्राप्त आहे. शिलाई ठरली ती ठरली, वर दमडी घ्यावयाची नाही, हा त्यांचा बाणा. पूर्वी एका गिऱ्हाइकाने सुट्टे घेतले नाहीत, तर मास्तर गळ्यात टेप, कानावर खडू, ऐशा पूर्ण युद्धवेषात तीन चौक त्याचे पाठीवर धावले, चालत्या बसमध्ये चढले आणि पैसे त्याच्या खिशात कोंबोन उतरले. परतीच्या तिकिटास कोंबलेल्या पैशांच्या दुप्पट गेले. याला बाणा म्हणतात. हिशेब आला की बाणा संपला.

तेव्हां हुकूम सुटला की, मजुरीवर वरकड घेणे या घराण्याच्या रिवाजास बाधक, सबब ऐवज ज्याचा त्यास बिनशर्त पावता करावा. मूळ शब्द दोनच होते.

"परत कर."

"बाबा, मी मागितली नव्हती. तिला काम आवडलं."

"कामाचे पंधरा आणि वर वीस? बाई चुकली असेल. नाहीतर कीव केली असेल."

कीव हा शब्द जिव्हारी लागला. धाकटी पानावरोन उठली, अबोला सुरू जाहला, आणि हट्टास पेटोन तिने प्रतिज्ञा केली की आता परत करोनच दाखविते.

मग तिने कामांच्या बाजारावर स्वारी केली. परंतु त्या किल्ल्यास पैका आत येण्याच्या सतरा वेशी आणि परत जाण्याची खिडकीसुद्धा नाही. मदतीच्या बुरुजावर एक यंत्रवकील बसविला होता, त्यास तिने लिहिले की टिप परत करणे आहे. वकिलाने टिप मिळाल्याबद्दल अभिनंदन केले. तिने पुन्हा लिहिले की, नको आहे. वकिलाने पुन्हा अभिनंदन केले आणि अधिक टिप मिळविण्याच्या पाच युक्त्या पाठविल्या. तिने तिसऱ्यांदा लिहिले, ते येथे लिहिण्याजोगे नाही, तर वकिलाने पुसिले की, आमच्या सेवेस किती तारे द्याल?

तो मोर्चा उधळला. मग तिने थेट म्हातारीसच पत्र धाडिले की, माझ्या वडिलांना ही टिप मान्य नाही, कृपया मागे घ्यावी. म्हातारीने ते आपल्या अकलेप्रमाणे वाचिले आणि कळविले की, वडिलांना कमी वाटली असल्यास माफी असावी, हे आणखी दहा खास त्यांच्यासाठी. दहा डॉलर येवोन पडले. माघारीस निघालेली फौज दुप्पट नव्हे तरी दीडपट होवोन घरी आली, ऐसे युद्धशास्त्रात पूर्वी जाहले नव्हते.

मास्तरांस हे कळताच त्यांनी मशीनचे पायडल थांबविले. "आता माझ्या नावावरपण?" इतकेच बोलोन ते तांबडे जाहले.

तेव्हां आईसाहेब मध्ये पडल्या. दोन्ही दरबारांची रसद यांचे हाती, आणि चार दिवस दोन वेगळाल्या वेळी चहा टाकोन त्या कातावलेल्या होत्या. त्यांनी पातेले ओट्यावर आपटिले आणि जाहीर केले, "तुम्ही दोघं एका खोलीत बसल्याशिवाय मी चहा ठेवणार नाही. आणि अहो, ज्याच्यावरून एवढं रामायण चाललंय तो कोट तरी बघा एकदा!"

रसद तुटली तेथे भले भले शरण आले, तेथे मास्तरांची काय कथा. चौथे दिवशी दुपारी त्यांनी बाहेरच्या खोलीतून कूच केले. अकरा पावलांचा प्रवास. वाटेत राउटरची तार आडवी, तीत पाय अडकला, एक चप्पल धारातीर्थी पडली, आणि चार वर्षांत प्रथमच मास्तर आतल्या उंबऱ्याच्या पार जाहले. मोडक्या खुर्चीवर बैसले, ती डुगडुगली, त्यांनी दाखविले नाही. धाकटीने फोटो मोठा केला.

मास्तरांनी चष्मा लाविला आणि कोट कॉलरपासोन खालपर्यंत न्याहाळिला. मग पडद्यावर बोट टेकविले, त्याचा डाग पडला, तोही धाकटीने पुसिला नाही.

"शिवणारा जाणता होता. खांदा बघ कसा बसलाय." आणि मग बोट खाली आले. "हे बटण तू लावलंस?"

"हो."

"काज उभं काढलंस. उभं शर्टाला. कोटाला आडवं असतं. लहानपणी याच मेजाखाली बटणं वेचायचीस, काजं कधी बघितलीच नाहीस? म्हणून म्हणत होतो, परत कर."

हे कारण मास्तरांस त्या क्षणापूर्वी ठाऊक नव्हते, हे आम्ही शपथेवर सांगतो. परंतु सरदार लोकांस आपली दूरदृष्टी नेहमी मागाहून आठवते.

धाकटीने वाद घातला नाही. चूक उघड होती आणि ती तिलाच अधिक लागली. तिने माऊस धरिला, काज खोडिले, आणि मग जे घनघोर जाहले त्यास तोड नाही. ती काढी, मास्तर म्हणत टाका जवळ घे. ती जवळ घेई, मास्तर म्हणत इतकं सुबक नको, हाताचं काम आहे. ती बिघडवी, मास्तर म्हणत एवढंही नको. एकोणीस वेळा काज पडले आणि एकोणीस वेळा उभे राहिले, म्हणजे आडवे राहिले. मध्ये दोन वेळा चहा आला, एकाच ट्रेमधून, आणि दोन्ही वेळा निवाला. विसाव्या वेळी मास्तर म्हणाले, "हं."

नवा फोटो रवाना जाहला. सोबत लिहिले की, काज चुकले होते, वडील शिंपी आहेत, त्यांनी दाखविले, याचे पैसे नकोत.

घटकाभरात उत्तर आले. धाकटीने मोठ्याने वाचिले. म्हातारी लिहिती जाहली की, दोन्ही फोटो शेजारी ठेवोन, भिंग लावोन अर्धा तास पाहिले, मला तिळमात्र फरक दिसला नाही. तुमच्या वडिलांस दिसला. हे आणखी पाच.

धाकटीने भीतभीत बापाकडे पाहिले. आता पुन्हा स्वारी की काय? परंतु मास्तर हसत होते, चष्मा काढोन, डोळे पुसोन हसत होते.

"गिऱ्हाइकाला काज कधी दिसतच नाही. दिसलं, म्हणजे चुकलं." आणि उठता उठता म्हणाले, "ठेव आता. काम बरोबर झालंय."

येणेकरोन तह जाहला. टिपांच्या एकूण पस्तीस डॉलरांतून बाजाराने पाचवा हिस्सा कापला, त्यावर मास्तर कडाडले, "बटण तू लावलंस, काज मी सांगितलं, मग हे सात कुणाचे?" आणि त्यांनी यंत्रवकिलास स्वतः जाब पुसिला. वकिलाने अभिनंदन केले. उरल्या ऐवजातून खुर्चीस पाय बसला. बखरकारास काय मिळाले, हे कोणी पुसत नाही.

दुसरे दिवशी एक जुने गिऱ्हाईक विजार आखूड करावयास आले आणि खडूची खूण होईतो उगीच पुसते जाहले, "मास्तर, धाकटी काय करते हल्ली?"

मास्तरांनी मान वर केली नाही. दोरा दाताने तोडिला आणि म्हणाले, "आमच्याच धंद्यात आहे. कोटाची कामं करते."

आतल्या खोलीत माऊस थांबला. हा विजय मिती, वार, वेळ घालोन दफ्तरी नोंदविला असे. आणि या ऐवजातून बाजारास पाचवा हिस्सा कापता आला नाही.