मुजावरसाहेबांचं राखीव तण

लॉनमध्ये तण उगवलेलं दिसलं की माणूस काय करतो? उपटतो. आमचे मुजावरसाहेब त्याच्याशेजारी लाल काडी खोचतात आणि फुटक्या कपानं त्याच्या बुडाशी पाणी घालतात. तेही कसं, तर एखाद्या आजाऱ्याला औषध पाजावं तसं, हळूहळू, मुरू देत देत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला.

मी आमच्या चिखलीतल्या सोसायटीची सेक्रेटरी. म्हणजे लिफ्ट अडकली, पाणी गेलं किंवा कुणाच्या कुत्र्यानं कुणाच्या दारात घाण केली की जिच्या दाराची बेल वाजते ती बाई. माझा आवाज मोठा आहे असं लोक म्हणतात. असणारच. हळू बोलून या सोसायटीत कुणाचं काम झालंय का आजवर?

मुजावरसाहेब माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहतात. चाकणच्या एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत ते उभी हयात क्वालिटीला होते. रिटायर झाले, पण क्वालिटी काही त्यांच्यातून रिटायर झाली नाही. शर्टाच्या खिशात स्टीलची टेप, गळ्यात दोरीला चष्मा, आणि तोंडात दोन शब्द. काही चुकीचं दिसलं की "लाइन थांबवा!" आणि चुकीचं नाही दिसलं तरी "होल्ड", म्हणजे निकाल राखून. 'पास' हा शब्द या माणसाच्या तोंडून कुणी ऐकलेला नाही. माझ्या घरच्या पूजेचा शिरा त्यांनी बोटावर घेऊन उजेडात धरला आणि म्हणाले, "तूप ठीक आहे. साखर वरच्या मर्यादेला टेकलीय. होल्ड." त्यांच्या मुलीला बघायला मंडळी आली होती तेव्हा मुलगा कसा वाटला विचारल्यावरही हेच. बिचारी माणसं आठवडाभर घाम पुसत बसली होती म्हणे!

तर, दोन इमारतींच्या मधली मोकळी जागा वर्षानुवर्षं धूळ खात पडली होती. तिथं लॉन व्हावं म्हणून मी सभांमधून घसा फोडला. आमचे चेअरमन तात्या. सोसायटी उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांच्या घराण्याची, त्यामुळे ते अजून बांधावर उभे राहिल्यासारखे बोलतात. त्यांना तिथं पेव्हर ब्लॉक टाकून गाड्या लावायच्या होत्या. शेवटी मी जिंकले. दिवाळी झाल्यावर बी पेरलं, देखरेखीला मुजावरसाहेब स्वतःहून पुढं आले, आणि मी म्हटलं, चला, सुटले.

कसली सुटतेय! गवताची कोवळी लव आली आणि तिच्याबरोबर तणही आलं. घोळ, दुधी, आणि सगळ्यांचा बाप लव्हाळा. आमचा माळी उपटायला वाकला तर मुजावरसाहेब गॅलरीतून ओरडले, "लाइन थांबवा! हात लावू नका!" सोसायटीतल्या बायका म्हणाल्या, आम्ही सगळ्या मिळून एका रविवारी साफ करतो. त्यांनाही हाकललं. कुल्फीच्या काड्यांना लाल टेप गुंडाळून त्यांनी ठिकठिकाणी खोचल्या. कंपनीत खराब मालाला लाल खूण करायची पद्धत असते, ती यांनी लॉनवर आणली. बरं, खूण केलीत ना? मग काढा की! ते नाही. संध्याकाळ झाली की कप घेऊन हजर, तणाला पाणी घालायला.

मी विचारलं, "साहेब, हे काय चाललंय?"

"प्रोसेस आहे, मॅडम."

"कसली डोंबलाची प्रोसेस? तण माजतंय!"

"काढतोय की. रोज थोडं थोडं."

"कोण काढतंय? मला तर कधी कुणी दिसलं नाही."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "होल्ड," म्हणाले आणि निघून गेले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एक मात्र खरं, त्या काड्या रोज सकाळी नव्या जागी असायच्या. मला वाटलं, म्हाताऱ्याला दुसरा उद्योग नाही.

मग ती सभा झाली. तात्यांनी टेबलावर हात आपटला. "मॅडम, ह्ये काय लॉन हाय व्हय? गाड्या रस्त्यावर उभ्या राहत्यात आन आमी हितं कुल्फीच्या काड्या बघत बसायचं? रविवारपत्तोर साफ झालं तर ऱ्हाऊ द्या. न्हाई झालं तर सोमवारी पेव्हर पडणार." हात भराभर वर झाले. मी मुजावरसाहेबांकडं पाहिलं. आता तरी बोला काहीतरी! कुणीतरी मागून म्हणालं, "काका, डोकं ठिकाणावर आहे ना?" लोक हसले. मुजावरसाहेब खाली मान घालून टेप उघडत होते, मिटत होते.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. मी शाळेत शिकवते, तर वर्गातही डोळ्यांपुढं लव्हाळा. शनिवारी तात्यांनी फोन केला. "तुमच्या शब्दाखातर फवारणीवाला सांगितलाय. उद्या दिवस उगवायला येईल. दोन दिसांत तण जळून जातंय, तवर पेव्हर थांबवतो." हे मी मुजावरसाहेबांना सांगायला गेले, तर त्यांचा चेहराच उतरला.

"नको, मॅडम. गवत अजून तान्हं आहे, एकदाही कापलेलं नाही. आत्ता औषध मारलं तर तणाबरोबर तेही जळेल. दोन-तीन कापण्या होऊ द्या, निम्मं तण आपोआप दम सोडतं."

"मग आज हातानं उपटून टाका सगळं! मी येते, माळ्याला बोलावते."

"सगळं नको." हा माणूस माझ्यापुढं हात जोडून उभा राहिला. "सगळं एकदम नको."

मी कपाळाला हात लावला. गवत मेलं असतं तरी तात्यांचे पेव्हर पडणार होते आणि तण राहिलं तरी पडणारच होते. आणि हा शहाणा म्हणतो, सगळं नको! मी तरातरा घरी आले. मनात म्हटलं, मरू दे ते लॉन.

पंपाच्या खोलीची किल्ली माझ्याकडं असते. फवारणीवाल्याला पाणी लागणार म्हणून रविवारी उजाडता उजाडता मी खाली उतरले. धुकं होतं. लॉनच्या कडेला कुणीतरी पाटावर बसलेलं दिसलं. शेजारी रिकामी व्हीलचेअर. मी खांबाशीच थबकले.

त्या शमीमभाभी होत्या, मुजावरसाहेबांच्या पत्नी. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. त्याआधी अख्ख्या सोसायटीचे ब्लाउज त्यांच्या मशीनवर व्हायचे. टीप अशी की उलट बाजूनं घातला तरी चालेल! पण हात गेला, तोंड वाकडं झालं, आणि मानी बाई दार लावून बसली. कुणी भेटायला गेलं की मुजावरसाहेब दारातूनच सांगायचे, "झोपलीय." माझं एक निळं कापड तिच्याकडं शिवायला होतं. ते परत मागायची माझी हिंमत झाली नाही.

भाभींचा उजवा हात, मिटून गेलेला, मुजावरसाहेबांनी आपल्या हातात घेऊन एकेक बोट उघडलं. मग लाल काडीजवळ नेऊन सोडला आणि स्वतः मागं सरकले. भाभींनी लव्हाळा धरला. बोटं घसरली. परत धरला. परत घसरली.

"माती भिजवलीय कालच," मुजावरसाहेब हलक्या आवाजात म्हणाले. "सोपं जाईल. घाई नाही."

अच्छा! कपातलं पाणी यासाठी होतं. माती मऊ राहावी, त्या हाताला झेपावं म्हणून. लाल काडी तिच्या अधू नजरेला दिसावी म्हणून. आणि 'सगळं नको' ते... अगं बाई, मी किती बडबडले या माणसाला!

एवढ्यात फाटकातून तात्या आले. मागं पाठीवर पंप घेतलेला फवारणीवाला. "मॅडम, किल्ली द्या, लई उशीर—"

मी हात वर केला. आवाज दाबून, पण जीव तोडून म्हटलं, "लाइन थांबवा!"

माझ्या तोंडून ते शब्द ऐकून मुजावरसाहेबांनी वळून पाहिलं. रंगेहाथ पकडल्यासारखे उठून माझ्याकडं आले. "मॅडम, कुणाला बोलू नका. मी तिला शब्द दिलाय, कुणी बघणार नाही म्हणून." मग भडाभडा सांगितलं. डॉक्टरांनी व्यायामाला रबरी चेंडू दिला होता. भाभींनी तो खिडकीतून फेकला. चेंडू दाबायला मी काय लहान पोर आहे का, म्हणून. एकदा पहाटे नमाज झाल्यावर त्यांनी तिला नुसती हवेला खाली आणली. तर पायाशी तण दिसलं, आणि तिला ते बघवेना. वर्षभरात पहिल्यांदा तो हात आपणहून पुढं गेला. "तण संपलं तर हात परत बसेल, मॅडम. सभेत कसं सांगू हे? वेडा म्हणाले, म्हणू देत."

तात्या ऐकत होते.

तिकडं भाभींनी ओठ आवळले होते. कपाळावर घाम. पण आता बोटं घसरत नव्हती. आम्ही चौघं श्वास धरून उभे. फवारणीवाल्यानंही पंप खाली ठेवला. आणि लव्हाळा आला! पाती तुटून नाही, मुळासकट, खालच्या काळ्या गाठीसकट. ती गाठ जमिनीत राहिली तर तो पुन्हा उगवतो. भाभींनी तो वर धरला.

मुजावरसाहेब धावतच गेले. डोळ्यांवर चष्मा चढवला. रोप उजेडात धरलं, फिरवून पाहिलं, गाठ नखानं चाचपली. किती वेळ पाहत होते!

"शमीम," ते म्हणाले. "पास."

आणि लॉनवर मांडी घालून लहान मुलासारखे रडायला लागले.

तात्यांनी गळ्यातल्या उपरण्यानं डोळे टिपले आणि फवारणीवाल्यावरच खेकसले, "बघतोस काय? जा, गाडीत बस!" मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "पेव्हरचं काय ते... त्ये आपलं होल्डवर ठिवा. मी सांगतो सगळ्यांना. कारण न्हाई सांगत."

त्या आवाजानं भाभींची मान वळली. आम्ही दिसलो तशी ओढणी ओढून त्यांनी हात झाकला. डोळ्यांत अशी शरम की माझ्याच्यानं बघवेना. काय बोलावं? बरं वाटतंय का, म्हणावं? मी त्यांच्या पुढ्यात जाऊन गवतावर बसले आणि माझ्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हटलं, "भाभी, माझं निळं कापड तुमच्याकडं पडून आहे. ब्लाउज कधी देताय?"

मग ओढणी हलली. मातीनं भरलेला तो हात बाहेर आला आणि माझ्या दंडावर टेकला. वाकड्या ओठांतून एकेक शब्द ओढत त्या म्हणाल्या, "जाड... झालीस. माप... नवीन... घ्यावं लागेल."