काठोकाठ भरलेला कॅन

सूनबाईंच्या प्रबंधाला एक निरोगी म्हातारा कमी पडत होता.

ते दिवसच वेगळे होते. बटण दाबलं की आकडे ओकणारी यंत्रं तेव्हा कुठली? परीक्षानळी ज्योतीवर धरायची आणि डोळ्यांत तेल घालून रंग बघायचा. लघवी घालून उकळलेलं निळं द्रावण विटकरी झालं की लघवीत साखर. नुसती लघवी तापवून गढूळ झाली की प्रथिनं, म्हणजे मूत्रपिंडाचं काहीतरी बिनसलंय. आजारी माणसं दवाखान्यात हवी तेवढी मिळत. त्यांच्याशी ताडून बघायला धडधाकट माणसं मात्र संशोधकांनी आपापल्या घरातून आणायची, अशी रीतच होती. नवरा, दीर, जाऊ सगळ्यांना सूनबाईंची सुई टोचून झाली होती. साठीपुढचा एक पुरुष तेवढा राहिला होता, आणि महिनाअखेरपर्यंत तो मिळाला नाही तर प्रबंध वर्षभर लांबणार होता.

"मामंजी, रक्त एकदाच द्यायचं," त्यांनी सासऱ्यांना समजावलं. "आणि दिवसरात्र मिळून होईल ती सगळी लघवी या कॅनमध्ये. एक थेंबही वाया घालवायचा नाही."

"तू निर्धास्त राहा," मामंजी म्हणाले. "आता हा घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे."

रविवारी ते कॅन पिशवीत घालून बागेतसुद्धा घेऊन गेले. सोमवारी सकाळी त्यांनी तो सूनबाईंच्या हवाली केला, तेव्हा तो काठोकाठ भरला होता. मामंजी पाणी भरपूर पितात, एवढंच सूनबाईंच्या मनात आलं.

प्रयोगशाळेत पहिली नळी उकळली, ती पक्की विटकरी झाली. दुसरी तापवली, तर ती दुधासारखी पांढरी. रक्त मात्र साफ निर्दोष. प्रबंधाच्या मार्गदर्शक सरांनी दोन्ही नळ्या खिडकीच्या उजेडात धरल्या.

"हे गृहस्थ दिवसभर काय करतात?"

"हिंडतात, सर. सकाळ-संध्याकाळ."

"या नळ्यांवरून तर त्यांनी अंथरूण धरायला हवं." सरांनी चष्मा काढला. "बाई, रक्त एकाचं आणि लघवी दुसऱ्याची दिसतेय. कॅनची अदलाबदल इथे एकदाच झाली कशावरून? मग तुमचे आजवरचे सगळेच नमुने पुन्हा तपासावे लागतील."

सूनबाईंच्या पायाखालची वाळू सरकली. अदलाबदल झाली नाही म्हणावं, तर सासरे मरणाच्या दारात. सासरे ठणठणीत म्हणावं, तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. इकडे आड, तिकडे विहीर.

घरी बातमी पोचली आणि मामंजींच्या चहातली साखर गेली, पाठोपाठ जेवणातलं मीठ गेलं. मुलगा रजा टाकून उशाशी बसला. सासूबाई एरवी दिवसभर त्यांच्यावर करवादायच्या, त्या एकाएकी गोड बोलायला लागल्या. तेव्हा मात्र मामंजी घाबरले.

"मला काय धाड भरलीय?"

"काही नाही हो," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "उद्या नुसतं दवाखान्यात भरती करायचंय."

मामंजी अंथरुणात उठून बसले. मग हळूच म्हणाले, "सूनबाई, कॅनमध्ये काही कमीजास्त निघालं का गं?"

"कमीजास्त म्हणजे?"

"अगं, दुपारी बघतो तर कॅन पावसुद्धा भरलेला नाही. म्हटलं, एवढंसं घेऊन गेलीस तर चार लोकांत तुझी काय शोभा राहील. बागेत आपले पोस्टमास्तर आणि शिंपी बसलेच होते. दोघांना म्हटलं, शिक्षणाचं काम आहे. माणसं अडीनडीला धावून येणारी. नाही म्हणाली नाहीत."

 हसावं की रडावं ते सूनबाईंना कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

सर मात्र पोट धरधरून हसले. "तिघांना तीन कॅन द्या," ते म्हणाले, "आणि एकमेकांना मदत करू नका म्हणावं."

शिंप्यांची नळी विटकरी निघाली, पोस्टमास्तरांची गढूळ. दोघांनाही आपल्या आजाराचा पत्ता नव्हता. वेळीच कळलं म्हणून निभावलं. मामंजींची नळी निळी ती निळीच राहिली. निरोगी म्हातारा मिळाला, प्रबंध वेळेवर गेला. सगळ्यांचं भलं झालं, एक मामंजी सोडून.

दोघा मित्रांना आता दर गुरुवारी दवाखान्यात बोलावणं असे. डॉक्टर नावानं हाक मारत, विद्यार्थी भोवती कोंडाळं करत, काय खाल्लं, झोप कशी लागली, सगळं विचारत. बागेतल्या बाकावर दुसरा विषय नसे. मामंजी त्यांच्या सोबतीला जात आणि बाहेर पिशव्या सांभाळत बसत. त्यांना कोणीच आत बोलावत नसे.

"सूनबाई," एका संध्याकाळी ते म्हणाले, "पुढच्या अभ्यासात मला आजाऱ्यांत घे."

"मामंजी, त्याला आजार लागतो."

"कितीसा?"

सूनबाईंना हसू आलं नाही, भरून आलं. पुढच्या गुरुवारी त्या स्वतः दवाखान्याच्या दारात आल्या आणि भरल्या व्हरांड्यात त्यांनी मामंजींचं पूर्ण नाव पुकारलं. आत खुर्ची दिली, चार विद्यार्थी भोवती उभे केले, सरांनी स्वतः नाडी पाहिली, चमचाभर रक्तही काढलं. त्या रक्ताची कुठल्याही अभ्यासाला गरज नव्हती.

हातावर कापसाचा बोळा दाबत मामंजी ऐटीत बाहेर आले. पोस्टमास्तर आणि शिंपी दोघंही काळजीनं उठून उभे राहिले.

"काय हो, काय निघालं?"

मामंजी सावकाश व्हरांड्यातल्या बाकावर टेकले. "अजून सापडलं नाही," ते म्हणाले. "मोठमोठी माणसं शोधतायत."