अर्जातले अकरा ओब्लाइज

आमच्या गल्लीतले महेबूबचाचा वाटेतल्या कुत्र्यालासुद्धा म्हणत, "जरा सरकून ओब्लाइज कर बाबा." साठी उलटलेला हा एकटा माणूस लातूरच्या कलेक्टर कचेरीबाहेर लिंबाखाली पत्र्याची पेटी मांडून लोकांचे अर्ज लिहून द्यायचा. निजामाच्या राज्यात उर्दूत लिहिले, पुढे मराठीत. इंग्रजीतलं हे एकच क्रियापद त्यांच्या हाती लागलं होतं आणि ते त्यांनी मिठासारखं सगळ्यात घातलं.

मी एकदा विचारलं, "चाचा, मेहेरबानी म्हटलं तर चालत नाही का?"

"मेहेरबानी वरून खाली येते, साब. ओब्लाइज कुठूनबी कुठंबी जातं. फकत घरच्या माणसाला म्हणू न्हाई. घरच्याचा हक्कच हाय."

त्यांना घरचं कुणीच नव्हतं, त्यामुळे हा नियम कधी आड आला नाही.

जिल्हा नवा होता. उस्मानाबादहून फायलींची गाठोडी अजून येतच होती आणि मी तिथे नवा कारकून. त्यात दुष्काळ. आमच्या गल्लीत टँकर येत नसे. पलीकडच्या चौकात पहाटेच घागरी रांगेला लावायच्या. माणूस नसला तरी घागरीचा नंबर धरला जाई. चाचांनी गल्लीत टँकर यावा म्हणून अर्ज लिहिला, घरोघर फिरून सह्या-अंगठे घेतले आणि माझ्या हातात दिला. "साहेबासमोर ठेवा. तुमच्याच भरवशावर हाय."

अर्जात अकरा ओब्लाइज होते. 'मायबाप सरकारने टँकर ओब्लाइज करावा, तहानेली लेकरे ओब्लाइज होतील.' हा नमुना माझ्याच गल्लीतला, हे साहेबांना कळेल याची मला लाज वाटली. चहाच्या वेळी मी तो चाचांच्या आवाजात वाचून दाखवला. सगळे पोट धरून हसले. मग मी तो टेबलाच्या खणात टाकला. महिना गेला. चाचा विचारत, मी सांगे, "चालू आहे."

एकदा बायको आजारी पडली म्हणून मीच चौकात गेलो. आमची घागर पहिली होती. नोकरीमुळे आपल्याला हा मान मिळतो, असं आम्ही दोघं समजत होतो. चाचांची घागर पार शेवटी होती. एक बाई कुरकुरत होती आणि माझ्याकडे पाठ करून चाचा तिला समजावत होते, "मीच पुढं लावतो रोज त्यांची घागर. आपल्या अर्जापायी ते साहेबाशी भांडून राहिले. त्यांना मागं ठेवायचं का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "चाचा, लई ओब्लाइज केलंत."

चाचा वळले. त्यांनी कानाला हात लावला. "तुम्ही मला तसं म्हणू न्हाई, बेटा."

तोवर मी नेहमी 'साब' होतो.

त्याच दिवशी अर्ज साहेबांपुढे ठेवला. साहेब वाचताना हसले नाहीत. तारीख पाहून एवढंच म्हणाले, "इतके दिवस कुठं होता हा?"

चौथ्या दिवशी गल्लीत टँकर आला. चाचांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली, माझीच घागर सगळ्यात पुढे लावली, आणि मी ती लावू दिली.