लांजेवारकाकाजींची गॅसवरची जीप

साहेब जीपमध्ये बसलेले, ड्रायव्हरनं किल्ली फिरवलेली, आणि लांजेवारकाकाजी हात वर करून गाडीसमोर उभे.

"उतर बे सुखराम, जरासा."

सुखराम उतरायचा. काकाजी त्याची सीट उचलायचे, खालच्या पेट्रोलटाकीचं झाकण काढायचे आणि बगलेतली बांबूची काठी आत बुडवायचे. काठीवर चाकूनं पाडलेल्या खुणा होत्या. ओलं कुठवर आलं ते उन्हात धरून बघायचे, वहीत लिहायचे आणि म्हणायचे, "जा आता." साहेब नवीन असले तर विचारायचे, "ये कौन है?" जुने असले तर पेपर वाचत बसायचे.

भिलाईतल्या आमच्या सरकारी ऑफिसात, मध्य प्रदेशच्या दिवसांत, गोविंदराव लांजेवार मोटार शाखेचे हेडक्लार्क होते आणि मी त्यांच्या हाताखालचा ज्युनियर. खात्याचं नाव मुद्दाम सांगत नाही. काकाजी मूळचे भंडाऱ्याकडचे, राहायला दुर्गात मोहन नगरला, रोज सायकलनं येणार. जगातल्या यच्चयावत गोष्टींना त्यांचा एकच प्रश्न असे : "किलोमीटरमागे किती?" नवी चप्पल घेतली की आतून बॉलपेननं तारीख टाकायचे. ती फाटली की दुकानदाराचं नशीब!

मी नोकरीवर आलो त्या दिवशी त्यांनी माझाही हिशेब केला.

"बाप काय करते?"

"पोलाद कारखान्यात. कोकओव्हनच्या भट्टीवर खलाशी, म्हणजे मजूरच."

"शिकला आहे?"

"अंगठा."

"अन् तू?"

"बी.कॉम." मी मान ताठ करूनच सांगितलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि हे सांगताना माझी मान आजही ताठ होते.

काकाजींनी विचारलं, दुर्गच्या कॉलेजात कसा जात होतास. सायकलनं, तीन वर्षं, म्हटलं. त्यांनी बोटांवर काहीतरी केलं आणि म्हणाले, "लय स्वस्तात पडला तू बापाले. कमाई केली त्यानं." माझ्या डिग्रीचं इतकं सुंदर कौतुक त्यानंतर कोणी केलं नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला भोपाळहून एक परिपत्रक आलं. सरकारी गाड्या पेट्रोलऐवजी नैसर्गिक गॅसवर चालवल्या तर खर्च किती आणि बचत किती, ते प्रत्येक कार्यालयानं कळवावं. ऑफिसभर हशा पिकला. गुजरातेत निघणारा गॅस भिलाईत कोण आणून देणार? कॅशियर म्हणाला, "लांजेवारजी, कारखाने की गॅस में नली लगा दो. जीप भी चलेगी, चाय भी बनेगी." सगळीकडून 'जानकारी शून्य' असं उत्तर जाणार हे ठरलेलंच होतं.

काकाजींनी मात्र तो कागद तीनदा वाचला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून मला म्हणाले, "हे पाहून घे." ओळ अशी होती : ज्या कार्यालयाचा प्रस्ताव फायद्याचा ठरेल, तिथला एक कर्मचारी पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी बडोद्याला पाठवला जाईल.

दुसऱ्या दिवसापासून माणूस पेटला. पत्रं लिहून गॅसच्या सामानाचा भाव मागवला. सिलिंडर एवढा मोठा की जीपची मागची जागा पूर्ण जाणार, हे कळल्यावर साहेबलोक प्रथमच गंभीर झाले. नागपूरच्या दौऱ्याहून येताना संत्र्यांच्या पेट्या तिथंच तर यायच्या!

आता बचत काढायची म्हणजे आज पेट्रोल किती लागतं ते आधी हवं. लॉगबुकात सगळ्या जीपा लिटरला सहा किलोमीटर देत होत्या. मी म्हटलं, सहा धरू. काकाजी म्हणाले, "सहा? बैलगाडी आहे का ते? गाडीत बसून मोजल्याबिगर नाही लिहिणार मी."

मग महिनाभर ते काठी आणि वही घेऊन प्रत्येक जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसू लागले. सुखराम रडकुंडीला आला. "बाबूजी, ये लकड़ी ल घर म छोड़ के आवव ना!" एकदा साहेबांच्या बाईसाहेब सुपेल्याच्या बाजारात जायला निघाल्या, तर काकाजी आधीच पुढे बसलेले. त्यांनी अदबीनं विचारलं, "मॅडम, लॉगबुक में क्या लिखूं? आलू का निरीक्षण?" बाईसाहेब उतरल्या आणि रिक्षानं गेल्या. पंपावर पेट्रोल भरताना काकाजी हजर, गाडी गॅरेजात लावताना काकाजी हजर.

आणि चमत्कार झाला. त्याच जीपा, तेच रस्ते, पण लिटरला दहा किलोमीटर येऊ लागले! साहेबांनी काकाजींना बोलावून चहा पाजला. ऑफिसात आनंदीआनंद, फक्त ड्रायव्हर आणि बाईसाहेब सोडून.

काकाजी चहा पिऊन आले, हिशेबाला बसले आणि त्यांचा चेहरा उतरला. मी कागद ओढून पाहिला. गॅस एवढ्या लांबून ट्रकनं आणायचा धरूनही सहाच्या आकड्यानं सामानाचा खर्च दोन वर्षांत निघत होता. दहाच्या आकड्यानं जीप भंगारात गेली तरी निघत नव्हता. काकाजींनी मोजून मोजून आपलीच बचत खाल्ली होती.

"काकाजी, सहाच लिहू," मी हळूच म्हटलं. "लॉगबुकवर साहेबांची सही आहे. आपल्याले कोण विचारते?"

"तो आकडा खोटा आहे."

"पण मंग बडोदा गेलं तुमचं."

त्यांनी काठीच्या खुणांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "शोभा आहे तिथं. माही पोरगी."

चार वर्षं शेजारच्या टेबलावर बसून मला हे ठाऊक नव्हतं. लग्नाच्या पंगतीत व्याह्यांच्या घोळक्यासमोर काकाजींनी वऱ्हाडाच्या बसचा हिशेब काढला होता, किलोमीटरमागे किती पडली ते मोठ्यानं सांगितलं होतं. जावयाला वाटलं, सासरा केलेला खर्च बोलून दाखवतो. शब्दानं शब्द वाढला, आणि काकाजी बोलून गेले, काम असल्याशिवाय तुमच्या दारात पाय ठेवणार नाही. पोरीला मुलगा झाला, तो आता दोन वर्षांचा. फोटो आला होता, तोही पोरीनं गुपचूप पाठवलेला.

"सरकारी कामानं गेलो असतो," ते म्हणाले, "तं कोणी काही म्हणत नव्हतं. ना तो, ना मी."

"म्हणून तं म्हणतो, सहा लिहा!"

"नाही बाप्पा. पोरीच्या घरी खोट्या आकड्यावर बसून जाऊ का मी?"

अहवाल गेला. हिंदीत, माझ्या अक्षरात : गॅसमुळे या कार्यालयास लाभ नाही, पेट्रोल मोजून दिल्यास लाभ आहे. साहेबांनी न वाचता सही केली. बडोदा संपलं. दोन दिवस काकाजी एकाही जीपला आडवे गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी सुखराम स्वतःच येऊन विचारून गेला, "बाबूजी के तबियत तो ठीक हे न?"

त्याच दुपारी जेवणाच्या सुट्टीत काकाजी माझ्या टेबलापाशी आले आणि एक फॉर्म ठेवला. रजेचा अर्ज. सगळं भरलेलं होतं, फक्त कारणाची जागा कोरी.

"तू लिही. तू ग्रॅज्युएट आहे."

मी सवयीनं लिहायला घेतलं, 'आवश्यक पारिवारिक कार्य'. सारं ऑफिस तेच लिहितं. त्यांनी माझा हात धरला.

"असं नोको. खरं असल ते लिही."

"काय असल ते?"

"नातू पाहाचा आहे."

मी लिहिलं. बाहेर कुणीतरी जीप चालू केली, तरी काकाजींनी मान वळवली नाही.

"अन् खाली लिही, चूक माही होती."

"काकाजी, हे रजेच्या फॉर्मात नाही लिहीत."

"मंग कुठं लिहितात?" त्यांनी इतक्या खरेपणानं विचारलं की मला हसता येईना.

मी ड्रॉवर उघडला, एक निळं अंतर्देशीय पत्र काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. पेनही देऊ लागलो, तर त्यांनी खिशातलं आपलं काढलं. खुर्ची ओढून बसले, चष्मा पुसला, आणि वरच्या कोपऱ्यात जावयाचं नाव लिहिलं. नावापुढे थांबले. मग 'राव' जोडलं.