पिवळ्याची पारख

आमच्या विणकरांच्या वस्तीत, खासबागेत, बारशाला आलेली माणसं नाक आईचं की बापाचं यावर वाद घालतात आणि घुगऱ्या खाऊन घरी जातात. परशुअण्णा मात्र पाळण्यावर वाकतात, बाळाच्या डोळ्यांतलं पांढरं निरखतात आणि भरल्या घरात त्याच्या आईला विचारतात, "शीचा रंग कसला हाय गं?"

एवढ्यावर थांबतील तर ते अण्णा कसले. खिशातून सुताचे आठ-दहा तुकडे निघतात, झेंडूच्या पिवळ्यापासून चुन्याच्या पांढऱ्यापर्यंत. ह्यातला कुठला ते दाव, म्हणतात. पोरगी लाजून चूर, सासू लालबुंद. एकीनं घाईत भलत्याच, चुन्यासारख्या पांढऱ्या तुकड्यावर बोट ठेवलं, तर अण्णांनी रिक्षा बोलावून बाळाला दवाखान्यात पोचवलं. बाळ ठणठणीत निघालं. त्या घरचं आमंत्रण बंद झालं, पण अण्णा न बोलावताही जातात.

कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं. अण्णांना ती न होताच दिसतं, असं गल्ली म्हणते. मीही म्हणायचो.

अण्णांचा जन्म साड्यांचं सूत रंगवण्यात गेला. आपल्याला एकच वाटणाऱ्या पिवळ्यात ते चार पिवळे वेगळे काढतात. कुणी शंका घेतली की ठरलेलं वाक्य येतं, "रंगातलं मला शिकवू नको." एकदा सिग्नलवर पोलिसालाही त्यांनी हेच ऐकवलं होतं. दंड भरला, पण वाक्य मागं घेतलं नाही.

मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो आणि आमच्या दोन घरांना मिळून एकच कट्टा आहे. त्यामुळे दर रविवारी अण्णांची शिकवणी ठरलेली. प्रश्न एकच: पित्ताची नळी बंद घेऊनच एखादं पोर का जन्मतं? अशा पोराचं पित्त आतच तुंबतं, म्हणून अंग पिवळं पडतं आणि शी पांढरी होते. मी सांगायचो की नेमकं कारण अजून कुणाला कळलेलं नाही, पण अशा मुलांच्या यकृतात काही जनुकं नको इतकी जोरात चालतात, काही गप्प बसतात. माझ्या विद्यार्थ्यांना हे सहा महिन्यांत कळत नाही. अण्णा लगेच म्हणाले, "म्हंजी मागावरच्या जकार्डचं नक्षीचं कार्ड तेच, पर वर उचलायचं धागं चुकत्यात." तेव्हापासून वर्गात मी हेच सांगतो. अण्णांचं नाव सांगत नाही.

ते हे का विचारतात, ते मला फार उशिरा कळलं. अण्णांनीच एकदा भिंतीकडे तोंड करून सांगितलं. त्यांना एक मुलगी झाली होती. ती दीड महिन्याची असताना त्यांची बायको, सुमनाक्का, म्हणाली की न्हाऊ घातलं तरी पोरीचा पिवळेपणा जात नाही. बाळाला रोज हळद-तेल चोळायचे ते दिवस. अण्णांनी पोरीला उजेडात धरून पाहिलं आणि निकाल दिला, "हळद हाय. रंगातलं मला शिकवू नको." दवाखाना गाठेपर्यंत यकृत कडक झालं होतं. पोर वर्षाचीही झाली नाही. पुढे मूल नाही.

गेल्या रविवारी त्यांनी सरळच विचारलं.

"सर, आतलं धागंच चुकलं हुतं, तर मी लवकर न्हेलं असतं तरी ती गेलीच असती, न्हवं?"

मी हो म्हणायला हवं होतं. पण मास्तरकीची खोड जात नाही. खात्रीनं कुणीच सांगू शकणार नाही, मी म्हणालो. पण पित्त तुंबलं की यकृत कडक करणारी जनुकं दिवसागणिक जोर धरतात, म्हणून ऑपरेशन जितकं लवकर तितकं बरं. बोललो आणि माझीच मला लाज वाटली. अण्णा स्वतःच्या रंगलेल्या नखांकडे पाहत बसले.

सुमनाक्का पलीकडे शेंगा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमाला एकट्यालाच कशाला दोष? मीच म्हटलंतं न्हवं, हळद हाय म्हणून."

ते खोटं होतं, आणि आम्हा तिघांनाही ते ठाऊक होतं. अण्णांनी नखांवरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "व्हय."

रंगाच्या बाबतीत अण्णांनी बायकोचं ऐकलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.